सोलापूरच्या आसपासची जुनी शिल्पं, वीरगळ, शिलालेख नीट बघायचे कसे : पहिल्यापासून सांगते

बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला सिद्धेश्वराचं दर्शन घडवतो, चादर घेऊन देतो, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून देतो आणि फारच हौशी असला तर गाडी काढून थेट विजापूरला गोलघुमट दाखवायला नेतो. मधलं सगळं राहून जातं. गावागावात पारावर, मारुतीच्या देवळामागे, विहिरीच्या काठावर, शेताच्या बांधावर जे कोरीव दगड पडलेत त्यांच्याकडे बघायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं, त्यामुळे "जुनं आहे, हेमाडपंती आहे" एवढं बोलून आपण पुढे जातो.

ही पद्धत असं पुढे जाणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच लिहितेय. इतिहासाची डिग्री लागत नाही, संस्कृत किंवा हळेकन्नड (जुनी कन्नड) यायलाच पाहिजे असंही नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपला जिल्हा कायम सीमेवरचा. कल्याणीचे चालुक्य, मंगळवेढ्याचे कलचुरी, देवगिरीचे यादव, मग बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मुघल, मराठे, सगळे इथून गेले. त्यामुळे आपल्याकडचा जुना दगड सहसा एकाच कामाला आलेला नसतो. देवळाचा खांब किल्ल्याच्या भिंतीत जातो, वीरगळाला, म्हणजे लढून मेलेल्याच्या स्मारकाच्या दगडाला, शेंदूर लागून त्याचा म्हसोबा होतो, तुटक्या नंदीवर बायका धुणं वाळत घालतात. बहुतेक लोक फक्त "मूळचं काय होतं" हे शोधतात आणि नंतरचं सगळं खराबी समजतात. मला ते पटत नाही. मूळचं तर बघायचंच, पण नंतर त्या दगडाचं काय काय झालं तेही तेवढ्याच गंभीरपणे वाचायचं.

तयारी

मार्च ते जून विसरा. सोलापूरचं ऊन सगळ्यांना माहितीय आणि देवळात अनवाणी जावं लागतं, काळा दगड असा तापतो की पाय टेकवत नाही, मग शिल्प कुठलं बघताय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हुरड्याच्या दिवसात जा. पावसाळ्याच्या शेवटीही चालतं, फक्त भीमेला पाणी किती आहे याची चौकशी करून निघा.

सोबत एक चांगला टॉर्च (मोबाईलचा नको, मोबाईल फोटोला लागतो), असली तर दुर्बीण, वही, पेन्सिल, मोजायची टेप, भरपूर पाणी, टोपी, जाड सॉक्स. खडू, पांढरी पावडर, तेल आणि तारेचा ब्रश यातलं काहीही न्यायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक शिलालेखावर खडू घासतात, ती पूड दगडाच्या बारीक छिद्रात बसते, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही अंदाजाने ओढलेली रेघ पुढच्या वाचणाऱ्याला अक्षरच वाटते.

वेळ सकाळची किंवा चारनंतरची. आपला दगड बेसाल्ट, काळा आणि कठीण. दुपारी बाराला डोक्यावरच्या उन्हात त्यावरचं कोरीव काम सपाट दिसतं, तेच शिल्प सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, बोटातली अंगठीसुद्धा दिसेल. गाभाऱ्यात किंवा मंडपात ऊन नसतं तिथे टॉर्च समोरून मारू नका, दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा आणि हळूहळू फिरवा.

पहिली पायरी : भुईकोट किल्ला, तोही फक्त एक भिंत

सुरुवात लांब जाऊन करायची गरज नाही. किल्ला शहराच्या मध्यात आहे, सिद्धेश्वर तलावाला लागून. बहमनी काळातला, पुढे आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात यावरून वर्षानुवर्षं ओढाताण झाली. आपण तिथे लहानपणी बागेत खेळायला जातो आणि मोठेपणी रील काढायला, तटाकडे कुणाचं लक्ष नसतं.

पहिल्या दिवशी पूर्ण किल्ला फिरायचाच नाही. तटाचा पन्नास-साठ पावलांचा एक तुकडा निवडा आणि त्याच्या कडेने अगदी सावकाश चाला. शेजारच्या दगडापेक्षा वेगळा दिसणारा दगड शोधायचा, अर्धंच दिसणारं फूल, आडवा पडलेला नक्षीचा पट्टा, गोल खांबाचा तुकडा, उलटी बसवलेली मूर्ती. असा दगड सापडला की तीन प्रश्न विचारा : हा कुठल्या दगडातला, मूळचा कशाचा भाग असेल, आणि इथे असा का बसवलाय.

तिसऱ्या प्रश्नावर लोक लगेच भांडायला उठतात म्हणून थोडं थांबून सांगते. किल्ल्याच्या आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत आणि बांधकामात मंदिराचे दगड वापरलेले आहेत, हे उघड दिसतं. पण एखादं मंदिर कधी पडलं, कुणी पाडलं, की आधीच ओस पडलं होतं, हे नुसत्या भिंतीतल्या दगडाकडे बघून ठरत नाही, त्याला लेख, कागदपत्रं आणि उत्खनन लागतं. दगड सांगतो ते एवढंच की बेसाल्ट खाणीतून काढून चौरस करायला प्रचंड मेहनत पडते, आणि तयार घडवलेला दगड हाताशी असेल तर बांधणारा तो सोडत नाही. कोरीव बाजू बाहेर ठेवलीय की आत दाबलीय, सरळ ठेवलीय की उलटी, एकट्यानेच आहे की ओळीने, हे वहीत लिहा. मग आतल्या मंदिराच्या खांबांशी जा आणि तटात पाहिलेली नक्षी तिथे सापडते का बघा. एक जरी जोडी जुळली ना, तरी पुढचा आठवडाभर तुम्ही प्रत्येक जुन्या भिंतीकडे बघत चालाल.

किल्ल्याची स्वतःची कारागिरी विसरू नका मात्र. दुहेरी तट, खंदक, बुरुजाची गोलाई, तोफ-बंदुकीसाठी तटात ठेवलेली भोकं म्हणजे जंग्या, बुरुजांवरचे फार्सी लेख. फार्सी वाचता येत नसेल तरी अक्षर उठावाचं आहे एवढं बघा, म्हणजे आजूबाजूचा दगड खोदून काढलाय आणि अक्षर वर ठेवलंय, तर आपले देवनागरी आणि कन्नड लेख बहुतेक आत कोरलेले असतात. उठावाचं अक्षर म्हणजे दुप्पट-तिप्पट काम आहे.

दुसरी पायरी : नाव विचारायच्या आधी बघायचं

कुठलंही शिल्प समोर आलं की आपला पहिला प्रश्न "हा कुठला देव?" नाव कळलं की हात जोडतो आणि डोळे बंद, म्हणजे अक्षरशः बंद. म्हणून नियम असा ठेवा की पहिली दहा मिनिटं नाव काढायचं नाही.

त्या दहा मिनिटात आधी चार-पाच पावलं लांबून बघा, वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे वळलीय, मान सरळ आहे की कलती. मग जवळ जा आणि कडा बघा. टाकीचे (छिन्नीचे) घाव दिसतात का? मागची बाजू ओबडधोबड सोडली असेल तर ती मूर्ती भिंतीत किंवा कोनाड्यात बसायची होती, मागूनही पूर्ण घडवलेली असेल तर प्रदक्षिणेची किंवा सुटी. मग झीज बघा. पावसाने झिजलेला दगड सगळीकडे सारखा आणि खरखरीत होतो, हात लागून झिजलेला दगड एकाच जागी गुळगुळीत आणि चकचकीत होतो. गुडघा, पाऊल, पोट कुठे चमकतंय ते पाहिलं की शेकडो वर्षं लोकांनी कुठे हात लावला ते समजतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, पंढरपूरच्या मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख. यादव राजा रामचंद्राच्या काळातला, शके ११९५ ते ११९९ म्हणजे १२७३ ते १२७७ मध्ये देवळाला कुणी किती दिलं त्या देणग्यांची नोंद. पुढे लोकांची श्रद्धा बसली की त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, आणि भाविक पाठ घासत आले. इतिहासवाले हळहळतात की अक्षरं झिजली, ते बरोबरच आहे, पण ती झीजसुद्धा कुणीतरी लिहिलेलीच आहे, फक्त टाकीने नाही, पाठीने. दोन्ही वाचा.

तिसरी पायरी : वीरगळ वाचायला शिका

एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका, कारण मूर्ती पाहायला मंदिरात जावं लागतं, वीरगळ मात्र तुमच्या आजोळच्या गावातही असायची शक्यता भरपूर आहे. गावच्या वेशीजवळ, मारुतीच्या पाराला टेकवलेला, उभा, साधारण कमरेएवढा दगड, त्यावर एकावर एक चौकोनी कप्पे. लढताना मेलेल्या माणसाचं ते स्मारक.

वाचायचं खालून वर.

सगळ्यात खालच्या कप्प्यात मरण असतं. माणूस आडवा पडलेला किंवा ढाल-तलवार घेऊन लढताना. इथे थांबा आणि आजूबाजूचे प्राणी बघा. गायी दिसल्या तर तो गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना मेला. त्या काळी गोधन हीच संपत्ती, त्यामुळे असे वीरगळ खूप. घोडे, हत्ती असतील तर मोठी लढाई. वाघ किंवा डुक्कर असेल तर शिकार किंवा गाव राखताना झालेला मृत्यू. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत, म्हणजे जागा बदलली की मरण बदलतं.

मधल्या कप्प्यात दोन्ही बाजूंना अप्सरा आणि मध्ये वीर, त्या त्याला वर घेऊन चाललेल्या. कोरणारा हौशी असला तर चवऱ्या, माळा, विमान असं सगळं देतो.

वरच्या कप्प्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, कधी बाजूला पुजारी, कधी नंदी. शिवलिंगाऐवजी पद्मासनातला तीर्थंकर असेल तर तो वीर जैन घरातला. आपल्या पट्ट्यात जैन वस्ती जुनी, त्यामुळे हे जरूर तपासा. अगदी माथ्यावर कलश आणि सूर्य-चंद्र : जोवर हे आहेत तोवर याची कीर्ती राहो.

आता जवळून बघायची गोष्ट. दोन कप्प्यांच्या मध्ये जी आडवी पट्टी असते, तिच्यावर टॉर्च बाजूने मारा. कन्नड मुलखात वीराचं नाव, राजाचं नाव, तारीख त्या पट्टीवर कोरायची पद्धत होती, महाराष्ट्राच्या आतल्या भागात वीरगळ बहुतेक कोरे. आपण बरोबर मध्ये, म्हणून आपल्याकडच्या प्रत्येक वीरगळाची पट्टी तपासायची. तिथे दोन गोल गोल अक्षरं जरी दिसली तरी फोटो घ्या, कारण कदाचित ती आजवर कुणी वाचलेलीच नसतील.

वीरगळाच्या शेजारी कधी कधी असा दगड असतो की ज्यावर फक्त एक हात, कोपरात वाकलेला, तळवा उघडा, मनगटात बांगड्या. ती सतीशिळा. लोक तिला कुंकू लावतात, नवस बोलतात. मला तिच्यासमोर उभं राहिलं की कौतुक सुचत नाही. बांगड्या किती बारकाईने कोरल्यात ते दिसतं आणि त्या बाईचं नावसुद्धा कुठे नाही तेही दिसतं. कला बघणं म्हणजे प्रत्येक वेळी वा वा करणं असं नाहीये, काही दगडांपुढे वाईट वाटलं पाहिजे.

शेंदूर किंवा ऑइलपेंट लावलेला वीरगळ असेल तर खरवडायचा नाही. गावकऱ्यांचा तो देव आहे. पुजाऱ्याला, गुरवाला विचारा, गप्पा मारा, बहुतेक वेळा तेच सांगतात की आत काय कोरलंय, कारण शेंदराचं कवच कधीतरी गळून पडलेलं त्यांनी पाहिलेलं असतं.

चौथी पायरी : मंदिर, उंबरठ्यापासून

यासाठी हत्तरसंग कुडलला जा. दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना जिथे भीमेला मिळते तिथे, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन जुनी मंदिरं शेजारी शेजारी. इतकी महत्त्वाची जागा घरापासून तासाभरावर असून सोलापूरचे किती लोक तिथे गेलेत, विचारून बघा.

आत शिरायची घाई करू नका, दारापाशी थांबा. गाभाऱ्याच्या चौकटीला उभ्या पट्ट्या असतात, त्या द्वारशाखा. कुठली पानाफुलांची, कुठली वेलीची, कुठली छोट्या खांबासारखी. जितक्या शाखा जास्त तितका मंदिर बांधणाऱ्याचा हात सढळ. खाली दोन्ही बाजूंना द्वारपाल, त्यांच्या हातात त्रिशूळ, डमरू असेल तर शैव, शंख-चक्र असेल तर वैष्णव. मग वर, चौकटीच्या बरोबर मध्यावर एक छोटी मूर्ती असते, ललाटबिंब. गणपती, गजलक्ष्मी, कधी तीर्थंकर. आत आज कुठला देव आहे आणि ललाटबिंबावर कोण आहे याचा मेळ बसतो का बघा. कित्येक ठिकाणी बसत नाही, आणि मग चौकट दुसरीकडून आणलीय का, की देऊळच एका पंथाकडून दुसऱ्याकडे गेलंय, असा शोध सुरू होतो. उंबरठ्यावरचं दात विचकलेलं तोंड कीर्तिमुख, ते सगळ्यांना माहितीय.

खांब बघताना त्याला खालपासून वर डोळ्यांनी चढा. चौकोन, मग आठकोन, मग गोल, मग परत चौकोन, वर हस्त (तुळई पेलणारे आधार), त्यावर तुळई. चालुक्यांच्या मंदिरात काही खांब इतके एकसारखे गोल असतात, कड्यांवर कडी, की ते चरकावर फिरवून उतरवल्यासारखे वाटतात. कर्नाटकात लक्कुंडी, इटगीला याच शैलीची मंदिरं मऊ दगडात आहेत म्हणून तिथलं काम दागिन्यासारखं बारीक. आपल्याकडे बेसाल्ट, टाकी लावली की ठिणगी उडते, म्हणून काम जरा उथळ आणि ठसठशीत. दोन्हीची तुलना करून आपलं कमी समजू नका, इथला पाथरवट कठीण दगडाशी लढत होता.

"हेमाडपंती" या शब्दाचंही सांगून टाकते. हेमाद्री पंडित हा यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधायची रीत त्याच्या खूप आधीपासून चालत आली होती. कुडलची मंदिरं त्याच्या आधीची आहेत, त्यामुळे प्रत्येक काळ्या दगडाच्या देवळावर त्याचं नाव चिकटवू नका.

हरिहरेश्वराच्या इथला स्वर्गमंडप बघा, गोल आणि वरून मोकळा. आणि मग ते शिवलिंग. हे मंदिर मातीखाली गेलं होतं, माती उपसताना ते मिळालं. माणसाच्या उंचीएवढं, आणि त्यावर रांगांमध्ये कोरलेले ३५९ चेहरे, स्वतः लिंग धरून ३६० मोजतात. लोक येतात, "अबब किती तोंडं" म्हणतात, सेल्फी काढतात, जातात. तुम्ही एक रांग निवडा. एकाच रांगेत डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक चेहऱ्याचे डोळे, ओठ, केसांची ठेवण बघा. काही चेहरे जास्त मन लावून केलेत, काही उरकलेत असं वाटतं का? एकाच हाताचं काम वाटतं की दोन-तीन हातांचं? पुस्तकात हे मिळणार नाही, तिथे उभं राहूनच ठरवावं लागतं. आणि मोजायचा हट्ट असेल तर रांगा मोजा, चेहरे मोजायला गेलात की बघणं संपतं.

पाचवी पायरी : मूर्ती ओळखणं

आता नाव काढायला हरकत नाही. पूर्ण मूर्तिशास्त्र इथे देणं शक्य नाही, पण आपल्या भागात लागणारं थोडं सांगते.

विष्णू उभा असेल आणि चार हातात शंख, चक्र, गदा, पद्म असतील तर नुसतं "विष्णू" म्हणून सोडू नका. आयुधांचा क्रम बदलला की नाव बदलतं, अशी चोवीस नावं, संध्येत म्हणतो तीच. मोजायचं मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून, मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म-शंख-चक्र-गदा म्हणजे केशव. शंख-पद्म-गदा-चक्र म्हणजे नारायण. गदा-चक्र-शंख-पद्म म्हणजे माधव. उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, तुमचा नाही, इथे भले भले गोंधळतात.

नागडा, हातात डमरू-त्रिशूळ आणि कापलेलं मुंडकं, पायाशी कुत्रा : भैरव. दोन्ही हातात कमळं आणि पायात बूट : सूर्य. एका दगडावर ओळीने सात बायका, मांडीवर पोर, पायाशी वेगवेगळी वाहनं, एका टोकाला गणपती : सप्तमातृका. उभा, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, अंगावर काही नाही आणि डोक्यावर नागाची फणा : पार्श्वनाथ. असा पार्श्वनाथ काही गावात नागोबा म्हणून पुजला जातो, तिथे वाद घालू नका, नोंद करा.

बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींवर, म्हणजे तिथे कोरलेल्या देखण्या बायकांवर, मात्र वेळ घालवा. कुणी आरसा बघतेय, कुणी पत्र लिहितेय, कुणाचा पदर माकड ओढतंय, कुणाच्या अंगावर साप आहे. देवाच्या मूर्तीला शास्त्राची मापं पाळावी लागतात, इथे कारागिराला मोकळीक होती आणि ती त्याने घेतलेली दिसते.

सहावी पायरी : शिलालेख

परत कुडल. संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४० चा लेख आहे, "वांछितो विजेया होऐवा" असं त्यात येतं, म्हणजे वाचणारा विजयी होवो. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक, आणि तो उजेडात आणायचं श्रेय आपल्या सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांचं. हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस वाचणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, शुभेच्छा देतोय. मान वर करून ती ओळ शोधताना जे वाटतं ते प्रत्येक मराठी माणसाने एकदा अनुभवावं असं मला मनापासून वाटतं.

काळ काढायची रीत सोपी. शकात ७८ मिळवा : ९४० अधिक ७८ म्हणजे इसवी सन १०१८. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा सोडा. हिजरी सन चांद्र असल्याने थोडं वेगळं, त्यातून शेकडा तीन वजा करा आणि ६२२ मिळवा. हिजरी ९५६ घ्या : २९ वजा केले की ९२७, अधिक ६२२, झाले १५४९. लेखाच्या माथ्यावर सूर्य, चंद्र, गाय-वासरू, तलवार किंवा लिंग असं काही असतं, ते दानाचं चिन्ह, अक्षर न येताही ते वाचता येतं.

फोटो घेताना मोबाईल दगडाला समांतर धरा, एक पूर्ण लेखाचा आणि मग प्रत्येक ओळीचे तीन-तीन, उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून. शेजारी टेप ठेवा. ठसा घेण्यासाठी ओला कागद, शाई वगैरे स्वतःहून लावायची नाही, ते जाणकारांचं काम आहे आणि परवानगीने करायचं असतं.

सातवी पायरी : आदिलशाही काम, आणि एक तोफ

सोलापूरकरांना हे सगळ्यात सोयीचं. हैद्राबाद रोडने नळदुर्ग पन्नासेक किलोमीटर. बोरी नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल, १६१३ चा, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहायला लागले की तोबा गर्दी होते. धबधबा बघाच, पण पाणी कमी असताना परत जा आणि महालाच्या खिडकीतून बघा, वरून पाणी कोसळत असताना आत कोरडं बसायची सोय करणाऱ्याने ते दगड कसे जुळवले असतील.

विजापूर शंभर किलोमीटर. गोलघुमटात आवाज घुमतो का बघून लोक परततात. १६५६ ला तो पूर्ण झाला, महंमद आदिलशहाची कबर. आत उभं राहून आवाज करायच्या आधी एकमेकांना छेदणाऱ्या कमानी बघा, चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचं गणित त्यांनीच सोडवलंय. आणि इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर, चुकवू नका, तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या अक्षरांच्या आहेत, दगड कापून अक्षरं ठेवलीत आणि अक्षरांमधून उजेड येतो.

पण मला विचाराल तर विजापुरातली सगळ्यात वाचण्यासारखी वस्तू म्हणजे मुलूख-मैदान तोफ. वर हिजरी ९५६ चं गणित केलं ते हिचंच साल. १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली, घडवणारा महंमद बिन हुसेन रुमी. मग ती आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ ला तिथून विजापूरला नेली. तोंडाशी वाका आणि बघा : सिंहासारखा जबडा, आणि त्या जबड्यात दातांमध्ये चिरडला जाणारा हत्ती. पन्नासेक टनांची धातूची तोफ आणि तिच्या तोंडावर इतकं नाजूक काम. मग तिच्या अंगावरचे लेख शोधा. घडवणाऱ्याचा आहे, निजामशहाच्या नावाचा आहे, आणि १६८६ ला विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरून घेतलेलाही आहे. एका कारागिराने आणि दोन सत्तांनी एकाच धातूवर आपलं नाव घातलं. तटातल्या उलट्या दगडापासून आपण जे वाचत आलो तेच इथे ओतीव धातूत आहे.

आठवी पायरी : म्युझियममध्ये छोट्या वस्तू

धाराशिवजवळच्या तेरला जा. प्राचीन तगर ते हेच, पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या व्यापारी वर्णनात त्याचं नाव आहे. तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आधी बघा आणि मग त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल असलेलं. तेरची हस्तिदंती बाहुली प्रसिद्ध आहे, तशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली, आणि पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, यावरून व्यापार कुठवर होता ते समजा.

म्युझियममध्ये लोकांची चूक ही होते की सगळं बघतात. एका फेरीत सगळ्यावरून नजर फिरवा, मग फक्त पाच वस्तूंपाशी परत या. मातीच्या खेळण्यावर साच्याची जोडरेघ दिसते का, मडक्याच्या बुडाला चाकाच्या रेघा आहेत का, शंखाच्या बांगडीवर करवतीची खूण आहे का. आणि वहीत चित्र काढा, कितीही वाईट येऊ दे. फोटोत जे निसटतं ते काढताना दिसतं.

घरात असलेलं आणि शेतात सापडलेलं

आजीच्या डब्यात तांब्याचे जाड वेडेवाकडे पैसे असतील तर ती शिवराई असू शकते. एका बाजूला तीन ओळीत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति", बाहेर ठिपक्यांचं वर्तुळ, आणि साचा नाण्यापेक्षा मोठा असायचा म्हणून एकावर पूर्ण मजकूर सहसा सापडत नाही. ही नाणी पुढे पेशवाईतही पडत राहिली, त्यामुळे शिवराई मिळाली म्हणजे ती महाराजांच्याच हयातीतली असं समजू नका. चिंच, लिंबू, पितांबरी काही लावायचं नाही, तो काळपट हिरवा थर नाण्याचं रक्षण करतो. फक्त फिकट हिरवी, भुकटीसारखी गळणारी बुरशी वाटेल असं काही दिसलं तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

जुन्या बिदरी कामाच्या वस्तूही आपल्याकडे घरोघर असायच्या, पानदान, हुक्क्याची बैठक. काळ्यावर चांदी. तिला चांदीच्या पॉलिशने घासलं की काळा रंग जातो, तेव्हा कोरड्या मऊ फडक्यापलीकडे काही नको.

नांगरताना, विहीर खणताना मूर्ती किंवा नाण्यांचा गडू मिळाला तर पुढचं खणणं थांबवा, वस्तू आहे तिथेच ठेवून फोटो काढा, किती खोलीवर आणि शेजारी काय होतं लिहून ठेवा, आणि तलाठी किंवा तहसीलदारांना कळवा. १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं वगैरे पुरावस्तू ठरतात, लायसन्सशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. कुणी गाडी घेऊन गावात आला आणि "या दगडाचे पाच हजार देतो" म्हणाला तर गाडीचा नंबर घ्या आणि पोलिसांना सांगा.

मूर्ती जागेवरून हलवू नका हे मी इतकं सांगते त्याचं कारण, सापडलेल्या जागेशिवाय तिची निम्मी माहिती जाते. शेजारी विटा होत्या की राख होती, पालथी होती की उताणी, एकटी होती की चार मूर्ती ओळीने ठेवल्या होत्या (मुद्दाम पुरून लपवलेल्या असतात तेव्हा अशा सापडतात), हे एकदा खड्डा बुजला की कुणालाच सांगता येत नाही.

कुठून सुरू करायचं

पहिल्या रविवारी किल्ल्याची एक भिंत, दुसऱ्या रविवारी स्वतःच्या किंवा मामाच्या गावचे वीरगळ, तिसऱ्या वेळी कुडल, सकाळी सातला निघून. पंढरपूर वारीच्या किंवा एकादशीच्या दिवशी नको, मधल्या वारी जा. मंगळवेढा आणि भीमेकाठचं माचणूर एका दिवसात होतं. माचणूरला सिद्धेश्वराचं मंदिर आहे, आणि शेजारच्या ब्रह्मपुरीत औरंगजेबाची छावणी १६९५ पासून काही वर्षं होती. वेळापूरचं अर्धनारीनटेश्वर यादवकालीन, अकलूजकडे जाताना वाट वाकडी करून बघण्यासारखं. नळदुर्ग आणि तेर वेगवेगळ्या दिवशी करा. कुडलला खायला काही मिळेल याची खात्री धरू नका, घरून भाकरी, चटणी, दही घेऊन जा, आणि जेवण झालं की कागद-पिशव्या परत आणा.